बंदूक कारखान्याची, हुनर माणसाचा

अमेरिकेतल्या बंदूकशौकिनांमध्ये एक वाद कायम चालू असतो. रायफल कारखान्यातून तयार आलेली घ्यावी, की कारागिराकडून आपल्या मापाची बनवून घ्यावी? बनवून घेणारा नळी एका ठिकाणची आणतो, चाप दुसऱ्या ठिकाणचा आणि दस्ता आपल्या खांद्याला बेतून घेतो. पैसे जास्त लागतात, महिनोन्‌महिने थांबावे लागते, पण हातात येते ती फक्त त्याच्यासाठी बनलेली वस्तू. तिकडे हा हौसेचा विषय आहे. आपल्याकडे तो कारागिराच्या पोटाचा विषय आहे, म्हणून मला त्याबद्दल लिहावेसे वाटले.

एकेकाळी प्रत्येक बंदूक हातानेच बनत असे. एका बंदुकीचा स्क्रू दुसरीला बसत नसे. चाप मोडला तर कारागिराकडेच जावे लागे. 1785 मध्ये पॅरिसला थॉमस जेफरसन यांनी एक प्रयोग पाहिला. ओनोरे ब्लाँ नावाच्या कारागिराने बंदुकीच्या खटक्याचे सुटे भाग ढिगाने समोर ठेवले होते. कोणताही भाग उचलावा, तो जागेवर बसत होता. पुढे अमेरिकेतल्या सरकारी शस्त्रशाळांनी हे तंत्र मुरवले आणि शिलाई मशीनपासून सायकलीपर्यंत ते पसरले.

ही विद्या आपल्याकडेही होतीच. बंगालचा नवाब मीर कासिम याने आपली राजधानी मुर्शिदाबादहून मुंगेरला हलवली आणि तिथे बंदुकांचा कारखाना उभारला. 1764 च्या बक्सरच्या लढाईत नवाबी संपली, पण मुंगेरच्या लोहारांच्या हातातली कला राहिली. आज तिथे परवानाधारक कारागीर बारा बोअरच्या, गुळगुळीत नळीच्या बंदुका बनवतात. रायफलीच्या नळीत आतून पीळदार खाचा असतात, त्यामुळे गोळी गिरक्या घेत सरळ जाते. साध्या परवानाधारकाला मिळणारी .315 ची रायफल मात्र वर्षानुवर्षे इशापूरच्या सरकारी कारखान्यातून येत राहिली. गिऱ्हाईक कमी झाले, हात रिकामे झाले. रिकाम्या हातांना काम देणारे वाईट लोक नेहमीच तयार असतात. ‘मुंगेरी कट्टा’ हा शब्द असाच रूढ झाला.

माझे मत मी सरळ सांगतो. शस्त्राच्या बाबतीत कारखानाच बरा. कारखान्याच्या बंदुकीवर क्रमांक असतो, तिची नोंद असते, ती कोणाकडून कोणाकडे गेली हे शोधता येते. बिननंबरी बंदूक कोणाचीच नसते, म्हणून तिने मेलेल्या माणसाचा जाबही कोणाला विचारता येत नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर बेकायदा शस्त्र बनवणाऱ्याला किमान सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. ती मला कडक वाटत नाही. ‘केवढी ही कारागिरी!’ म्हणून गावठी कट्ट्याचे कौतुक करणारे व्हिडिओ फिरतात, ते पाहून चीड येते.

पण कायद्याने हत्यार काढून घेतले की प्रश्न संपला, असे समजणाऱ्यांशीही माझे भांडण आहे. त्या हातांचे पुढे काय?

‘सैकल’ म्हणजे चकाकी, झिलई. तलवारीला पाणी देणारा, झिलई चढवणारा तो सैकलगर. याच शब्दापासून आपल्याकडचे शिकलगार आले आणि उत्तरेकडचे सिकलीगरही. सातपुड्याच्या पलीकडल्या काही सिकलीगर वस्त्यांची नावे आज गावठी पिस्तुलांच्या बातम्यांत येतात. त्यामुळे सगळ्या जमातीवरच शिक्का बसतो, सरळ मजुरी करणाऱ्यावरही. मिरजेच्या शिकलगारांकडेही हत्यारांचेच काम होते. एकोणिसाव्या शतकात हत्यारांची मागणी आटली, तेव्हा फरीदसाहेब शिकलगारांनी तंबोरा आणि सतार हाती घेतली. संस्थानाच्या आश्रयाने ती विद्या रुजली आणि घराण्याचे आडनावच ‘सतारमेकर’ झाले. पंढरपूरच्या बाजूचा भोपळा, मिरजेचा हात आणि देशभरातले गवई. ज्या गावात मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात उस्ताद अब्दुल करीम खाँ विसावले आहेत, त्या गावची ही ओळख आहे. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले.

शब्द एकच, हुनरही एकाच मुळाचा. फरक पडला तो कोणी काय मागितले यामुळे. मिरजेत कोणीतरी तंबोरा मागितला.

मापाने बनवून घेण्याची खरी जागा इथे आहे. एका बंदुकीने दुसरीसारखेच चालावे, हीच तिची किंमत. तंबोरा मात्र गवयाच्या पट्टीला लावून बनवावा लागतो. बाईचा वेगळा, पुरुषाचा वेगळा. जवारी काढण्याचे काम कान आणि हात मिळून करतात. तरीही आता रियाजाला इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्याचा डबा असतो, मोबाइलवर अ‍ॅप असते. इथेही कारखाना पोहोचलाच आहे आणि मिरजेतली तरुण मुले दुसरी नोकरी शोधत आहेत.

2023 मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत अठरा व्यवसाय आहेत. त्यांत शस्त्रे बनवणारा आहे, कुलूप बनवणारा आहे, लोहार आहे. वाद्ये बनवणारा त्या यादीत नाही. हत्यार सोडून ज्याने सतार धरली, त्याला सरकारी कागदावर जागा नसावी, हे मला पटत नाही. आपल्या आमदार-खासदारांनी ही एक ओळ वाढवून घ्यावी.

थोडे आपल्याबद्दलही. कुरआनात हजरत दाऊद यांच्यासाठी लोखंड मऊ केल्याचा आणि त्यांना चिलखत बनवायला शिकवल्याचा उल्लेख आहे. कड्या मापात बसवण्याची ताकीदही तिथेच आहे. हे वाज़मध्ये आपण ऐकतो आणि घरी येऊन मुलाला म्हणतो, ‘शिकला नाहीस तर गॅरेजमध्ये टाकीन.’ हाताचे काम आपण शिक्षा म्हणून सांगतो. वर्गात भूमितीत रखडणारा पण हातात पाना येताच डोळे चमकणारा मुलगा प्रत्येक शिक्षकाने पाहिलेला असतो. आपल्या जमातींचे ट्रस्ट डॉक्टर-इंजिनिअर होणाऱ्यांना वजीफे देतात, ते द्यावेतच. त्यातले दोन वजीफे उस्तादाच्या हाताखाली तीन-चार वर्षे बसणाऱ्या शागिर्दासाठी ठेवावेत. मिरजेपासून सुरुवात करता येईल.