सहा मतं, शंभर टक्के!

दर चार वर्षांनी टीव्हीवाले न्यू हॅम्पशायरमधल्या डिक्सव्हिल नॉच नावाच्या टीचभर वस्तीत कॅमेरे घेऊन जातात. तिथे १९६० पासून मध्यरात्री मतदान होतं आणि लगेच भविष्यकथन सुरू. अहो, कसलं भविष्य? १९६० साली नऊच्या नऊ मतं निक्सनला, निवडून आला केनेडी! २०१६ ला क्लिंटन ४, ट्रम्प २. २०२४ ला ३-३, म्हणजे पोपटाने पाकीटच उचललं नाही.

ते एक असो. खरी चीड येते ती ‘बघा, १०० टक्के मतदान, किती जागरूक!’ या कौतुकाची. जागरूक कसले डोंबलाचे? सहा मतदार, पेटी दाराशी, आणि सगळ्यांचं मत पडलं की केंद्र बंद करायची कायद्यानेच मुभा. त्याच देशात बाकीच्यांचं मतदान मंगळवारी, भर कामाच्या दिवशी. जून २०२० मध्ये जॉर्जियात लोक तासन्‌तास रांगेत उभे होते. त्यावर २०२१ मध्ये तिथे कायदा झाला तो काय, तर रांगेतल्यांना बाहेरच्यांनी पाणी वाटायचं नाही!

पाळणाघर सहाला बंद होतं म्हणून एखादी बाई अशी रांग सोडून गेली, तर ती ‘उदासीन मतदार’ काय?