जादा पिंपांसोबत कणांचाही हिशेब हवा

तेलकट कढईत नुसते पाणी ओतून पाहा. पाणी वाहून जाते, तेल कढईला चिकटूनच राहते. जमिनीखालच्या तेलसाठ्यांचे दुखणेही असेच आहे. तिथे तेलाचे तळे नसते; खडकाच्या बारीक छिद्रांत ते अडकलेले असते. आधी नैसर्गिक दाबाने आणि नंतर पाणी सोडून ते वर आणले, तरी बहुतेक साठ्यांत निम्म्याहून अधिक तेल खालीच राहते.

ते सोडवण्यासाठी संशोधक नॅनोकणांकडे वळले आहेत. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. सिलिकाचे असे कण पाण्यात मिसळून सोडले, की ते अरुंद छिद्रांतही शिरतात. तेल आणि खडक यांच्यामध्ये पाचरीसारखे घुसतात आणि चिकटलेला थेंब सुटा होतो. प्रयोगशाळेत खडकाच्या नमुन्यांवर हे दिसून आले आहे. प्रत्यक्ष साठ्यातल्या उष्ण, खाऱ्या पाण्यात मात्र या कणांच्या गुठळ्या होऊ शकतात आणि जी वाट मोकळी करायची, तीच बुजते.

तरीही प्रयोग व्हायला हवेत. देशाला लागणारे ८५ टक्क्यांहून अधिक कच्चे तेल आपण आयात करतो. १९७४ मध्ये सापडलेले मुंबई हाय १९७६ पासून तेल देत आहे. तिथला साठा मुख्यतः चुनखडीच्या खडकात आहे, आणि असा खडक सहसा तेल घट्ट धरून ठेवतो. जुन्या क्षेत्रातून थोडे अधिक तेल मिळाले, तर ते हवेच आहे.

आक्षेप आहे तो यश मोजण्याच्या पद्धतीला. जादा मिळालेली पिंपे सगळेच मोजतील. सोडलेल्या कणांपैकी किती खडकात राहिले आणि किती तेलासोबतच्या पाण्यातून वर आले, हे कोण मोजणार? समुद्रातील विहिरींवर असे पाणी बहुधा प्रक्रिया करून समुद्रातच सोडले जाते. सिलिका म्हणजे वाळूच, असे म्हणून हा प्रश्न सुटत नाही. कणाचा आकार आणि त्यावरचा रासायनिक लेप यांनी त्याचा गुणधर्म बदलतो. झिंक ऑक्साइडचे नॅनोकण सागरी शैवालाला घातक ठरतात, हे प्रयोगांत आढळले आहे.

म्हणून आधी एखाद्या जुन्या विहिरीवर मर्यादित चाचणी घ्यावी, वर येणाऱ्या पाण्यातले कण मोजावेत आणि ते आकडे जाहीर करावेत. त्या पाण्यातल्या मासळीवर किनाऱ्यावरची घरे चालतात, आणि तीच मासळी आपल्या ताटात येते. हिशेब त्यांनाही कळला पाहिजे.