कॅमेरा दिसू द्या

दुकानात कॅमेरे बसवायला गेलो की पहिली फर्माईश ठरलेली: "बारका बघून लावा, कुणाला दिसला नाही पाहिजे." साताऱ्यात राजपथावर काय नि सांगलीत कापड पेठेत काय, शेठ हेच सांगतात. माझं म्हणणं नेमकं उलटं आहे. चोरी थांबवायची असेल तर कॅमेरा दिसलाच पाहिजे.

लपवलेला कॅमेरा झालेली चोरी नुसती टिपून ठेवतो, तीही थोडे दिवस. चार कॅमेरे आणि एक टीबीची हार्डडिस्क असली तर साधारण दोन-तीन आठवड्यांत जुनं पुसून त्यावर नवं रेकॉर्डिंग चढतं. दिवाळीच्या गर्दीत गेलेली साडी स्टॉक मोजताना लक्षात येते, तोवर फुटेज गेलेलं असतं. म्हणून दारातून शिरताच नजरेला पडेल असा एक डोम कॅमेरा मी लावतो आणि गल्ल्याशेजारी स्क्रीन ठेवतो, गिऱ्हाइकाकडं तोंड करून. आपण स्क्रीनवर दिसतोय हे कळलं की पिशवीकडं निघालेला हात बहुतेक वेळा मागं येतो. मार्टमधून जातं ते तूप, काजू-बदाम, डिओ, क्रीम; महाग आणि खिशात किंवा पदराआड मावणारं. हाच माल बऱ्याच ठिकाणी मागच्या कोपऱ्यात, उंच रॅकच्या आड मांडलेला असतो. तो काउंटरजवळ आणा, एक कॅमेरा कमी लागेल. यानं माझं बिल कमी होतं, तरी मी सांगतो.

मला खरी चीड आहे ती पुढच्या प्रकाराची. मध्यंतरी एका दुकानातली क्लिप माझ्या मोबाइलवर आली. शाळेच्या गणवेशातला मुलगा चॉकलेट खिशात घालतोय, चेहऱ्याभोवती लाल गोल, खाली 'ओळखा आणि पुढे पाठवा'. व्यापाऱ्यांच्या ग्रुपवरून ती पालकांच्या ग्रुपवर गेली. चॉकलेट दहा-वीस रुपयांचं असेल. त्या पोरानं उद्या वर्गात कसं बसायचं?

दुकानदाराचं दुखणं मला कळतं. किराण्यात सुटतं किती? त्यात ऑगस्ट 2019 च्या महापुरानं सांगलीच्या बाजारपेठेचं कंबरडं मोडलं, तेही आम्ही बघितलंय. पण शिक्षा ठरवणं दुकानदाराचं काम नव्हे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 303 मध्ये, पाच हजारांच्या आतली चोरी, पहिलाच गुन्हा आणि माल किंवा त्याची किंमत परत केलेली असेल, तर समाजसेवेची शिक्षा आहे. विधिसंघर्षग्रस्त, म्हणजे गुन्ह्याचा आरोप असलेल्या, बालकाची ओळख जाहीर करायला 2015 च्या बाल न्याय कायद्यानं मनाई केली आहे. कोर्टानं जे नाव झाकून ठेवायचं, ते आपण गावभर वाटतो.

तक्रार करायची असेल तर जरूर करा. त्याच दिवशी फुटेज पेनड्राइव्हवर घ्या, मूळ रेकॉर्डिंग पुसू देऊ नका, पोलिस ठाण्यात जा. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र त्यासोबत लागतं. ते कसं भरायचं हे कॅमेरेवाल्याला विचारा, तो सांगेल. ग्रुपच्या अ‍ॅडमिननी अशी क्लिप आली की लगेच काढावी. आणि मूल असेल तर आधी त्याच्या वडिलांना फोन लावा. आपल्या सातारा-सांगलीत कुणाचा नंबर काढायला पाच मिनिटंसुद्धा लागत नाहीत.