वेबसाईट : शिवून घ्यायची की रेडिमेड?

वाशी-नेरुळ भागात कुठल्याही लग्नाला, बारशाला गेलं की "तुम्ही कॉम्प्युटरवाले ना?" च्या पाठोपाठ येणारा प्रश्न ठरलेला असतो. "धंद्याची वेबसाईट करायचीय. एक जण पंधरा हजारात देतो म्हणतो, दुसरा दीड लाख सांगतो. फरक काय?" फरक इतकाच की पहिला तयार टेम्प्लेट घेऊन त्यात तुमचं नाव आणि फोटो भरणार, आणि दुसरा (निदान त्याच्या म्हणण्यानुसार) पहिल्या ओळीपासून तुमच्यासाठी लिहिणार. पंगतीत बसून याहून जास्त सांगता येत नाही, म्हणून इथे लिहून ठेवतोय. पुढच्या वेळी लिंकच पाठवीन. :)

माझं मत आधीच सांगून टाकतो. बहुतेकांनी टेम्प्लेट घ्यावं. नेरुळचा दातांचा डॉक्टर असो, रबाळे एमआयडीसीतलं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप असो, नाहीतर कोपरखैरण्यातला क्लास. गिऱ्हाईकाला हवं काय असतं? पत्ता, फोन, वेळ, कामाचे चार खरे फोटो, आणि साईट मोबाईलवर पटकन उघडायला हवी. यात शोध लावण्यासारखं काहीच नाही. "पण मग तुमची साईट दुसऱ्यासारखी दिसेल हो" असं म्हणून दीड लाखवाला घाबरवतो. दिसू दे की! वर्कशॉपला ऑर्डर देणारा माणूस दोन फॅब्रिकेटरांच्या साईटी शेजारी लावून रंगसंगती जुळवत बसत नाही.

आणि टेम्प्लेट म्हणजे सगळं सारखंच राहणार असंही नाही. आपल्याच गावातलं उदाहरण बघा. बेलापूरचं आर्टिस्ट व्हिलेज. चार्ल्स कोरियांनी ते सिडकोसाठी १९८३ ते १९८६ च्या दरम्यान केलं. सात-सात घरं एका छोट्या अंगणाभोवती, घरांचे मोजकेच प्रकार, म्हणजे टेम्प्लेटच की. पण प्रत्येक घराला स्वतःची जागा, आणि शेजाऱ्याशी सामायिक भिंत नाही. पैसे आले की खोली वाढवा, मजला चढवा, शेजाऱ्याला विचारायला नको. आज तिथे फिरलात तर मूळची घरं शोधावी लागतात, इतकी लोकांनी ती बदललीत. वास्तुकलेच्या मंडळींना याचं थोडं दुःख होतं म्हणे. मला मात्र ते डिझाईनचं यशच वाटतं. टेम्प्लेट निवडताना हेच बघायचं, उद्या भिंत हलवता येईल का? माल जमेल तो, पण बाहेर काढता येत नाही, अशा ठिकाणी दुकान थाटू नये.

आता उरलेले थोडे. एपीएमसीतला आंब्याचा गाळेवाला घ्या, ज्याला घरपोच पेट्या विकायच्यात. तयार शॉपिंग कार्टची समजूत अशी की वस्तूला एक भाव असतो, एक नग असतो, आणि तो कपाटात पडून राहतो. हापूसला यातलं काहीच लागू नाही. भाव रोज सकाळी बदलतो. पेटी एकच, पण फळाच्या आकाराप्रमाणे तिच्यात चार डझन बसतात नाहीतर सात. देवगड वेगळा, रत्नागिरी वेगळा. गिऱ्हाईक विचारणार, "अक्षय्य तृतीयेला खायला तयार हवाय, आज कच्चा पाठवू नका." म्हणजे आढीत कुठला माल कधी घातला आणि तो कधी तयार होईल, हे साईटला ठाऊक हवं. हे टेम्प्लेटमध्ये कोंबायला गेलात की दहा प्लगइन लागतात, ती आपसात भांडतात, आणि मे महिन्यात, ऐन सीझनला, सगळं बसतं. इथे पैसे घालून लिहून घ्यावं. पण तेवढंच! "आमच्याविषयी" आणि "संपर्क" ही पानं कोणी शिवून घेऊ नयेत.

टेम्प्लेटवाल्यांनीही फार हवेत राहू नये. डिसेंबर २०१४ मध्ये एका लोकप्रिय स्लायडर प्लगइनमधल्या भोकातून एक लाखाहून अधिक वर्डप्रेस साईटींमध्ये व्हायरस घुसला. दुरुस्ती कित्येक महिने आधीच आली होती. पण ते प्लगइन विकतच्या थीमबरोबर आत गुपचूप आलेलं, त्यामुळे मालकांना ते आपल्याकडे आहे हेच माहीत नव्हतं. उलट बाजूला, २०१५ च्या डिसेंबरात पीएचपी ७ आलं आणि त्यातून मायएसक्यूएलची जुनी फंक्शनं काढून टाकली गेली. होस्टिंगवाल्यांनी पुढे जुनं पीएचपी बंद केलं, तेव्हा हाताने लिहिलेल्या कितीतरी साईटी कोऱ्या झाल्या. आणि लिहिणारा पोरगा तोवर बंगळुरूला, नाहीतर अमेरिकेत. म्हणून कुठलाही भाव ऐकलात की विचारा, तिसऱ्या वर्षी याची देखभाल कोण करणार आणि किती घेणार? पंधरा हजार आणि दीड लाख हे दोन्ही आकडे फक्त पहिल्या दिवसाचे असतात.

एक मराठी त्रासही आहे. बहुतेक टेम्प्लेटं इंग्रजी अक्षरांच्या मापाने केलेली. मथळ्याला लेटर स्पेसिंग दिलेलं असलं की देवनागरीची शिरोरेषा तुटून अक्षरं सुटी सुटी दिसतात, आणि ओळींमधलं अंतर कमी असलं की वरच्या वेलांट्या छाटल्या जातात. दुरुस्ती दोन-चार ओळींची. फॉन्टही आहेत, मुंबईच्याच एक टाईपचा मुक्त फुकट मिळतो. पण पंधरा हजारवाला "मराठीत असंच दिसतं" म्हणून मोकळा होतो. तसं दिसत नाही, त्याला सांगा.

आणि हो, डोमेन. कोणाकडूनही करून घ्या, पण नाव तुमच्या नावावर, तुमच्या ईमेलवर नोंदवा आणि पासवर्ड स्वतःकडे ठेवा. सानपाड्याच्या एका ओळखीच्या दुकानदाराचं डोमेन साईट करणाऱ्याच्याच नावावर होतं. दोघांचं फाटलं, आणि दुकानदाराच्या हाती उरल्या त्या जुन्या पत्त्याच्या दोन हजार छापील पिशव्या. अजून त्याच वापरतोय, वर स्टिकर चिकटवून.