व्हेंटिलेटर लावायचा की नाही? तरुण वयातला फुफ्फुसाचा कॅन्सर आणि आपण



विषय जरा जड आहे, पण आपल्याकडे तो फार टाळला जातो. मी डॉक्टर नाही, दिवसभर कोड लिहिणारा माणूस आहे. त्यामुळे हे वैद्यकीय सल्ला म्हणून वाचू नका. एका कुटुंबाने दुसऱ्या कुटुंबाशी बोलावं, तसं वाचा.

पॉल कलानिधी हे नाव बऱ्याच जणांनी ऐकलं असेल. भारतीय आई-वडिलांचा मुलगा, स्टॅनफर्डमध्ये न्यूरोसर्जन. २०१३ मध्ये, वयाच्या ३६व्या वर्षी त्याला फुफ्फुसाचा कॅन्सर निघाला, तोही पसरलेला. तपासणीत ईजीएफआर नावाच्या जनुकात बदल सापडला, त्यावरच्या गोळ्या लागू पडल्या आणि तो पुन्हा ऑपरेशन थिएटरमध्ये उभा राहिला. मार्च २०१५ मध्ये श्वास कोंडू लागला तेव्हा घशात नळी घालायची का, असा प्रश्न आला. त्याने नको म्हटलं. मुलगी तेव्हा आठ महिन्यांची होती.

आता विचार करा. हेच ‘नको’ २०१३ मध्ये, निदान झाल्या झाल्या, घाबरून म्हटलं गेलं असतं तर? मधली दोन वर्षं आणि ती मुलगी, दोन्ही नसती. आजार तोच आणि स्टेजही तीच (चौथी), पण दोन वेळची उत्तरं वेगळी. माझ्या मते सगळा प्रश्न इथेच आहे.

‘स्टेज फोर’ हे शब्द ऐकले की घरातले दोन तट पडतात. एक म्हणतो, आता कशाला हाल? दुसरा म्हणतो, वय काय त्याचं, सगळं करा! दोघेही प्रेमापोटीच बोलत असतात, पण दोघांनीही रिपोर्ट पाहिलेला नसतो. तरुण वयात आणि सिगारेटला कधी हात न लावलेल्या माणसाला हा कॅन्सर झाला, तर त्यामागे ईजीएफआर किंवा एएलके यांसारख्या एखाद्या जनुकातला बदल असण्याची शक्यता बरीच असते. अशा बदलांवर नेमक्या गोळ्या आहेत. त्या कधी कधी काही दिवसांतच काम करू लागतात. व्हेंटिलेटरवर असताना नळीतून गोळी दिली आणि पेशंट मशीनवरून उतरला, अशा केसेस वैद्यकीय नियतकालिकांत छापून आलेल्या आहेत. सगळ्यांचं असं होत नाही, हेही खरं. आपल्या मुंबईच्या टाटा मेमोरियलने ३५० पेशंटवर केलेला अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. ईजीएफआरच्या गोळीला केमोची जोड दिल्यावर आजार आटोक्यात राहण्याचा मध्यम काळ ८ महिन्यांवरून १६ वर गेला.

म्हणून आयसीयूच्या दारात विचारायचा प्रश्न ‘लावायचा की नाही’ एवढाच नाही. जनुकांचा रिपोर्ट आला का? न वापरलेलं औषध शिल्लक आहे का? श्वास कशाने अडला आहे, बरा होणाऱ्या न्यूमोनियाने की कॅन्सरनेच? आशा असेल तर डॉक्टरांशी मुदत ठरवून प्रयत्न करता येतो: इतके दिवस पाहू, सुधारणा नसेल तर थांबू. पण दोन-तीन औषधं वापरून झाली आणि आजार तरीही वाढतोय, तेव्हा तेच मशीन फक्त शेवट लांबवतं. वय तरुण आहे म्हणून फुफ्फुसं परत येत नाहीत. हे ऐकायला कठोर वाटतं, तरी ते आधी ऐकलेलं बरं.

आणखी एक गैरसमज. पॅलिएटिव्ह केअर म्हणजे हात वर करणं नव्हे. बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरलमध्ये फुफ्फुसाचा कॅन्सर पसरलेल्या १५१ पेशंटचा अभ्यास झाला, तो २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांना ही सेवा सुरुवातीपासून मिळाली, त्यांना शेवटी आक्रमक उपचार कमी झाले, तरी ते जास्त जगले: मध्यम आयुष्य ११.६ महिने, इतरांचं ८.९.

आपली अडचण अंतराची. आयसेलिनमध्ये उन्हाळ्यात रात्रीचे दोन वाजलेले असतात, पुण्यात सकाळचे साडेअकरा. सासू-सासरे फोनवर रडत असतात, मोठे दीर म्हणतात “आम्ही येईपर्यंत काही ठरवू नका”, आणि इथे डॉक्टरला दहा मिनिटांत उत्तर हवं असतं. ते ओझं एकट्या बायकोवर (किंवा नवऱ्यावर) येतं. पुढे आयुष्यभर “तूच मशीन काढायला सांगितलंस” हे ऐकावं लागू नये, म्हणून पेशंटनेच आधी बोलून ठेवायला हवं आणि भारतातल्या घरच्यांनाही ते त्याच्याच तोंडून कळायला हवं.

हा हक्क मिळण्यात आपल्या न्यू जर्सीचा मोठा वाटा आहे. १९७५ मध्ये २१ वर्षांची कॅरन अॅन क्विनलन बेशुद्ध पडली ती उठलीच नाही (तिला कॅन्सर नव्हता). तिचं मशीन काढू द्या म्हणून आई-वडील कोर्टात गेले आणि १९७६ मध्ये राज्याच्या सुप्रीम कोर्टाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. आज इथे हेल्थ केअर प्रॉक्सी नेमायला वकील लागत नाही. अठरा पूर्ण झालेल्या कोणालाही दोन सज्ञान साक्षीदारांसमोर किंवा नोटरीसमोर सही करून ती नेमता येते. मात्र ज्याला नेमलं, तो स्वतः साक्षीदार होऊ शकत नाही. म्हणजे बायकोला नेमलंत, तर सहीला शेजारचे दोघे बोलवा. कागदाची एक प्रत कॅन्सरच्या डॉक्टरांकडे आणि एक फोनमध्ये ठेवा, कारण रात्री दोन वाजता कपाटातली फाइल कोणाला सापडत नाही.