शस्त्र केव्हा उचलू नये?

पोटात गाठ आहे असे कळताच मनुष्य घाबरतो आणि ती तत्काळ काढून टाकावी असे त्यास वाटते. परंतु प्रत्येक गाठ म्हणजे कर्करोग नव्हे. स्वादुपिंडात क्वचित आढळणारी एक सौम्य गाठ या दृष्टीने विचार करण्याजोगी आहे. पाण्यासारख्या पातळ द्रवाने भरलेल्या असंख्य सूक्ष्म कप्प्यांची ती बहुधा बनलेली असते. कापून पाहिल्यास मधाच्या पोळ्यासारखी दिसते.

तिच्याशी साम्य असलेली दुसरी गाठ चिकट द्रवाने भरलेली असते व तिचे पुढे कर्करोगात रूपांतर होऊ शकते. या दोहोंतील भेद काँपॅनो व अर्टेल यांनी १९७८ मध्ये स्पष्ट केला. सौम्य गाठीची पोळ्यासारखी रचना आता सीटी स्कॅन व एमआरआय यांच्या चित्रांत पुष्कळदा ओळखता येते. शंका उरल्यास जठरात अंतर्दर्शक उतरवून, ध्वनिलहरींच्या चित्राच्या आधाराने, सुईने थोडा द्रव काढून तपासतात. त्यातील साखर फार कमी आढळल्यास दुसऱ्या, चिकट द्रवाच्या गाठीचा संशय बळावतो.

एवढा खटाटोप कशासाठी? स्वादुपिंडावरील शस्त्रक्रिया मोठी असते. तीनंतर पाचक रस झिरपण्याची व पुढे मधुमेह जडण्याची भीती असते. अनेक देशांतील २,६२२ रुग्णांची पाहणी २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत शस्त्रक्रियेनंतर १० रुग्ण दगावले. प्रत्यक्ष या सौम्य गाठीमुळे केवळ एक. शस्त्रक्रिया झालेल्यांत त्रास असलेले व निदान संदिग्ध असलेले रुग्णही होते. म्हणून या आकड्यांची सरळ तुलना करणे योग्य नव्हे. तथापि त्यांतील इशारा दुर्लक्षिण्याजोगा नाही.

आमच्या मते, निदान निश्चित असून रुग्णास त्रास नसेल तर शस्त्र न उचलणे हीच योग्य चिकित्सा होय. २०१८ च्या युरोपीय मार्गदर्शक सूत्रांनीही अशा रुग्णांवर एक वर्ष लक्ष ठेवावे व त्यानंतर लक्षणे उद्भवल्यास पुन्हा तपासावे, असे सुचविले आहे. गाठ पित्तनलिका दाबू लागली, वेदना होऊ लागल्या किंवा निदानच अनिश्चित राहिले, तर शस्त्रक्रियेचा विचार अवश्य करावा.

असे थांबणे रुग्णास हेळसांड वाटू नये, म्हणून त्यामागील कारण वैद्याने त्यास समजावून सांगितले पाहिजे. रुग्णानेही ‘गाठ केव्हा काढणार?’ असे विचारण्यापूर्वी ‘ही गाठ कोणत्या जातीची आहे?’ असे विचारावे.