देणं म्हणजे गुंतवणूक नव्हे

मनातले नकारात्मक विचार घालवायला हल्ली ज्यूंच्या गूढविद्येचा, कब्बालाचा, उतारा सांगितला जातो. तो सांगत गावोगाव हिंडणाऱ्या एका लोकप्रिय व्याख्यात्यांचं म्हणणं थोडक्यात असं: विचार ही ऊर्जा आहे, वाईट विचार केला की वाईट घडतं, श्रद्धेने मागा, मिळकतीचा दहावा हिस्सा दान करा, तो दहापटीने परत येतो. पुरावा काय, तर ज्यू श्रीमंत असतात! सभागृह टाळ्या वाजवतं आणि कर्जात बुडालेला श्रोता एवढंच शिकून घरी जातो, की आपलं दारिद्र्य आपल्याच विचारांनी ओढवलं. मला संताप येतो तो याचा.

आधी पुराव्याचं बघू. अलिबाग-पेणकडच्या खेड्यांत पिढ्यान्‌पिढ्या तेलाचे घाणे चालवणारे बेने इस्राएल हे मराठी बोलणारे ज्यू. शनिवारी घाणा बंद म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. दर आठवड्याला एका दिवसाच्या कमाईवर पाणी सोडून त्यांनी धर्म राखला. म्हणून काही त्यांच्या अंगणात धनाचे हंडे निघाले नाहीत. ‘ज्यू म्हणजे पैसा’ हे समीकरण युरोपात ज्यूंचा छळ करणाऱ्यांनी वापरलेलं आहे. कौतुकाच्या सुरात सांगितलं तरी त्यातलं विष जात नाही.

वाईट विचाराने वाईट घडतं, हेही तपासू. कब्बालाला नवं रूप देणारे साफेदचे आयझॅक लुरिया 1572 साली साथीत वारले, वयाच्या 38व्या वर्षी. सदैव आनंदात राहणं हे मोठं धर्मकर्तव्य आहे, असं शिकवणारे ब्रेस्लोवचे नाखमान 1810 साली क्षयाने गेले, तेही 38व्या वर्षी. त्याआधी त्यांचा तान्हा मुलगा गेला होता. या दोघांचं विचारांचं बळ कमी पडलं, असं व्याख्याते म्हणणार का?

पण माझं खरं भांडण आहे ते दहापटीशी.

ल्यादीचे श्नेऊर झाल्मान हे कब्बालावर उभ्या असलेल्या हसिद पंथातले मोठे आचार्य. 1796 साली त्यांचा ‘तान्या’ हा ग्रंथ छापला गेला, तोही लेखकाच्या नावाशिवाय. पुढच्या एका आवृत्तीत त्यांच्या पत्रांचा एक विभाग जोडला गेला, आणि त्यातली कितीतरी पत्रं दानाबद्दल आहेत. ती का लिहिली गेली? 1777 साली हसिदांचा एक जथा तुर्की सुलतानाच्या अमलाखालच्या पवित्र भूमीत जाऊन राहिला. तिथे त्यांचे खायचे वांधे होते. त्यांच्यासाठी बेलारूसमधल्या गरीब वस्त्यांतून पैसा गोळा करायचा होता. एका पत्रात ते मिळकत घटलेल्या लोकांना उद्देशून लिहितात. हात आखडू नका, एवढं सांगून ते थांबत नाहीत, तर घरखर्चातच बोट घालतात: गरिबाच्या मुलांना भाकरी, सरपण आणि थंडीचे कपडे हवे असतील, तर तुमच्या घरची मांस-मासळी आणि भारी वस्त्रं त्यानंतर. पुढे 1798 साली त्यांना पकडून सेंट पीटर्सबर्गला कैदेत ठेवलं. तुर्की सुलतानाच्या मुलखात पैसा धाडतो, हा त्यांच्यावरचा एक आरोप होता. म्हणजे दानाच्या बदल्यात त्यांच्या पदरात तुरुंग पडला. सुटल्यावरही त्यांनी मदत थांबवली नाही. या माणसाच्या परंपरेचं नाव घेऊन कुणी दहापटीचा हिशेब मांडावा, ही विटंबना आहे.

इथे व्याख्याते बायबलातल्या मलाखी संदेष्ट्याचं वचन पुढे करतील. दशमांश भांडारात आणा, मग माझी परीक्षा घेऊन पाहा, असं देव तिथे सांगतो खरा. पण ते भांडार भरायचं कशाला, तर देवाच्या घरात अन्न असावं म्हणून. ज्यूंच्या धर्मशास्त्रात दशमांशावर हक्क होता तो जमीन नसलेल्या, मंदिराची सेवा करणाऱ्या लेवींचा, आणि ठराविक वर्षी परक्याचा, अनाथाचा, विधवेचा. तिथला आशीर्वाद साऱ्या समाजाला उद्देशून आहे. तो एकट्याच्या बँकखात्यात वळवता येत नाही. आणि त्याच परंपरेत सोखोच्या अँटिगोनस या जुन्या आचार्यांनी बजावून ठेवलंय, की बक्षिसाच्या आशेने धन्याची चाकरी करणाऱ्या नोकरांसारखे होऊ नका. हे वचन व्याख्यानांत कधी येत नाही.

    

मग कब्बाला आणि हसिद परंपरा मनाबद्दल म्हणते तरी काय? ‘तान्या’ सांगतो, की नको ते विचार सामान्य माणसाला येणारच. ते आले म्हणून खचू नये. त्यांच्याकडे पाठ फिरवणं हीच उपासना. उदास, आळसावलेला मल्ल बलवान असूनही आखाड्यात हरतो, असा दाखला तिथे दिला आहे. तोच ग्रंथ दुःखाचे दोन प्रकार करतो. एकात काळीज दगड होतं; दुसऱ्यात ते जिवंत असतं म्हणून दुखतं. या दुसऱ्या प्रकाराला तिथे दोष दिलेला नाही. व्याख्याते मात्र दोन्हींवर ‘नकारात्मक’ अशी एकच चिठ्ठी चिकटवतात.

श्रद्धा म्हणजे जग क्षणोक्षणी ईश्वराकडून नव्याने घडतं, तेव्हा माझ्या अडचणीतही मी टाकलेला नाही, हा भरवसा. आणि दान म्हणजे त्या भरवशाला हातापायांनी दिलेली साक्ष. ज्यू तत्त्वज्ञ मायमोनिडीस सांगतात, एका माणसाला एकदम हजार नाणी देण्यापेक्षा ती एकेक करून हजार वेळा द्यावीत, म्हणजे हाताला वळण लागतं. श्नेऊर झाल्माननी हा विचार आपल्या पत्रात घेतला आहे. स्वतःभोवती फिरणारं मन दुसऱ्याच्या गरजेकडे पुन्हा पुन्हा वळवायचं, एवढाच हा उपाय. तो हळू चालतो. ज्याला औषधाची गरज आहे त्याने डॉक्टरकडेही जावं. श्रद्धेला त्याने बाध येत नाही.

वाचकहो, अशा व्याख्यानाला गेलात तर उठून एकच प्रश्न विचारा: मी दिलेल्या दहाव्या हिश्शाने कुणाची चूल पेटेल? उत्तर तुमच्याच खिशाबद्दल आलं, तर तिथे कब्बाला नाही, धंदा आहे.